टीमकडून चांगलं काम हवं असेल तर: आधी आपली पद्धत तपासा, मग इन्सेंटिव्ह ठरवा

टीमचं काम घसरलं की बहुतेक मॅनेजर दोनपैकी एक गोष्ट करतात. काही आवाज चढवतात, काही बोनस जाहीर करतात. मी दोन्ही करून पाहिलं आहे. ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या १२ जणांच्या टीमची जबाबदारी माझ्याकडे आली तेव्हा एक तक्रार मिटायला सरासरी ९ दिवस लागत होते. मी तीन महिन्यांसाठी बक्षीस लावलं: ६ दिवसांच्या आत मिटलेल्या प्रत्येक तक्रारीमागे ठरावीक रक्कम. लोक उशिरापर्यंत थांबू लागले, चहाच्या सुट्ट्या कमी झाल्या. तीन महिन्यांनी सरासरी निघाली साडेआठ दिवस.

मग एका ज्येष्ठ सहकाऱ्याने एक फाइल माझ्यासमोर ठेवली. तक्रार त्याच्याकडे दोन दिवस होती. उरलेले सहा दिवस ती माझ्या मंजुरीची वाट पाहत पडून होती. बक्षीस लोकांना लावलं होतं आणि काम अडत होतं माझ्या टेबलावर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालं आहे. नेतृत्वाची पद्धत आणि इन्सेंटिव्ह यांचा विचार वेगवेगळा करता येत नाही. इन्सेंटिव्ह हा मॅनेजरने पैशांतून पाठवलेला निरोप असतो, आणि माणसं तो त्या मॅनेजरच्या रोजच्या वागण्यावरून वाचतात. तोच बोनस एका साहेबाने दिला तर 'आपल्या कामाची कदर झाली' असं वाटतं, दुसऱ्याने दिला तर 'आता आणखी पिळून घेणार' असं. म्हणून पुढच्या पायऱ्यांचा क्रम मोडू नका. पैशांचा विषय यात मुद्दामच उशिरा येतो. हे सगळं साधारण ५ ते ३० माणसांची टीम सांभाळणाऱ्यांसाठी आहे.

पायरी १: नेमकं कुठे अडतंय ते शोधा

चांगल्या कामाला तीन गोष्टी लागतात: ते काम येणं, ते करावंसं वाटणं आणि करता येण्याजोगी परिस्थिती. या तिन्हींचा गुणाकार होतो, बेरीज नव्हे. एक जरी शून्य असली तरी उत्तर शून्यच. इन्सेंटिव्हचा जोर यातल्या फक्त दुसऱ्या गोष्टीवर चालतो. माणसाला काम येतच नसेल तर कितीही बक्षीस लावा, आडात नाही ते पोहऱ्यात येणार नाही. आणि मंजुऱ्या, साधनं, माहिती वेळेवर मिळत नसेल तर बक्षिसामुळे त्याची चिडचिड तेवढी वाढते, कारण आता त्या अडथळ्यापायी त्याचे पैसेही बुडतात.

शोधायची सोपी रीत अशी. अलीकडे उशीर झालेली किंवा बिघडलेली दहा कामं काढा. प्रत्येक काम कुणाकडे किती तास होतं आणि त्यातले किती तास ते नुसतं पडून होतं, हे कागदावर लिहा. एका दुपारचं काम आहे. मला त्या दहा ओळींतून जे कळलं ते वर्षभराच्या अहवालांतून कळलं नव्हतं.

मग माणसांशी बोला, पण 'काय अडचण आहे?' असं विचारू नका. त्याचं उत्तर ठरलेलं असतं: 'काही नाही सर, सगळं ठीक आहे.' त्याऐवजी विचारा, 'गेल्या आठवड्यात तुमचा सगळ्यात जास्त वेळ कशाची वाट पाहण्यात गेला?' या प्रश्नात तक्रार करावी लागत नाही, फक्त आठवावं लागतं, म्हणून उत्तर खरं मिळतं. शंका उरलीच तर टीममधल्या सर्वांत तरबेज माणसाला आठवडाभर तेच काम त्याच परिस्थितीत करायला सांगा. तोही अडकला तर दोष माणसांत नाही.

माझ्या टीममध्ये मी एका मर्यादेखालच्या तक्रारींची मंजुरी थेट लोकांच्या हातात दिली. दोन महिन्यांत सरासरी पाच दिवसांवर आली. बक्षीस तेव्हा बंद होतं.

पायरी २: काम मोजता येण्यासारखं आहे का, ते ठरवा

अर्थतज्ज्ञ एडवर्ड लझीअर यांनी २००० साली गाड्यांच्या काचा बसवणाऱ्या 'सेफलाइट' या अमेरिकन कंपनीचा अभ्यास प्रसिद्ध केला. कंपनीने तासावरच्या पगाराऐवजी प्रत्येक काचेमागे पैसे द्यायला सुरुवात केली होती. दर माणशी काम सुमारे ४४ टक्क्यांनी वाढलं. यातली अंदाजे निम्मी वाढ त्याच माणसांनी जास्त काम केल्यामुळे झाली होती. उरलेल्या वाढीत मोठा वाटा होता तो जलद काम करणारी माणसं कंपनीकडे ओढली जाण्याचा आणि टिकून राहण्याचा.

हा आकडा दाखवून कुणी 'सगळ्यांना कामावर पैसे लावा' म्हणालं तर थांबा. तिथे काच मोजता येत होती. कुणी बसवली ते कळत होतं. नीट बसली नाही तर ज्याची त्यालाच स्वतःच्या वेळात पुन्हा बसवावी लागायची. शिवाय किमान पगाराची हमी कायम होती. तुमच्या कामाला यातलं किती लागू पडतं?

बहुतेक कार्यालयीन कामाला अनेक बाजू असतात. बेंग्ट होल्मस्ट्रॉम आणि पॉल मिलग्रॉम यांनी १९९१ मध्ये मांडलेला मुद्दा इथे मोलाचा आहे. कामाच्या चार बाजूंपैकी एकच मोजता येत असेल आणि पैसे तिलाच जोडले, तर माणूस बाकीच्या तीन बाजूंवरून लक्ष काढून घेतो. यात त्याचा लबाडपणा नसतो, तुम्हीच त्याला तसं करायला सांगितलेलं असतं. अशा कामात कधी कधी चांगला स्थिर पगार हाच सर्वांत शहाणपणाचा इन्सेंटिव्ह ठरतो.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण 'वेल्स फार्गो' या अमेरिकन बँकेचं. प्रत्येक ग्राहकाच्या नावावर बँकेची आठ उत्पादनं असावीत असं ध्येय होतं. विक्रीच्या आकड्यांवर बक्षीस आणि बढती अवलंबून होती, आणि आकडे आले नाहीत तर वरून तगादा होता. कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता खाती उघडली. २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला आणि सुमारे ५,३०० जणांना कामावरून काढल्याचं समोर आलं. या प्रकरणात फक्त बक्षिसाला दोष देणं मला अपुरं वाटतं. आकडा न गाठल्याची भीती आणि 'हा आकडा शक्य नाही' असं वर सांगायची भीती, या दोन्ही एकत्र आल्या की असं होतं. दुसरी भीती पूर्णपणे नेतृत्वाच्या पद्धतीतून येते.

पायरी ३: प्रत्येक माणसाशी, प्रत्येक कामात, कसं वागायचं ते ठरवा

१९३० च्या दशकाच्या अखेरीस कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी शाळकरी मुलांच्या छोट्या मंडळांवर एक प्रयोग केला. काही गटांचा प्रमुख हुकूम सोडणारा होता, काहींचा मुलांना विचारून ठरवणारा, तर काहींचा सगळं मुलांवर सोडून बाजूला बसणारा. हुकूम सोडणाऱ्याच्या गटात काम भरपूर झालं, पण प्रमुख खोलीबाहेर गेला की ते पार ढेपाळायचं. विचारून ठरवणाऱ्याच्या गटात तो असो वा नसो, काम जवळपास तसंच चालू राहायचं. सगळं सोडून देणाऱ्याच्या गटाची स्थिती सर्वांत वाईट होती.

मुलं म्हणजे कर्मचारी नव्हेत, तरीही यातून एक चाचणी मिळते: तुम्ही दोन दिवस रजेवर गेलात की काय होतं? काम थांबत असेल तर ते तुमच्या धाकावर चालत होतं.

मात्र 'लोकशाही पद्धत चांगली, हुकूमशाही वाईट' एवढाच धडा घेतला तर फसगत होते. पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड यांनी १९६९ पासून मांडलेला विचार मला रोजच्या कामात सर्वांत उपयोगी पडला: पद्धत समोरच्या माणसाच्या तयारीप्रमाणे बदलावी. यात मी माझ्याकडून एक भर घालीन. ही तयारी माणसाची नसते, माणसाची त्या कामातली असते. हिशेबात मुरलेला माणूस नव्या सॉफ्टवेअरपुढे नवखा असतो.

नव्या माणसाला मोकळीक म्हणजे विश्वास वाटत नाही, वाऱ्यावर सोडल्यासारखं वाटतं. त्याला स्पष्ट सांगा: 'हे या क्रमाने कर, पहिली तीन झाली की मला दाखव, चुकलं तरी चालेल पण तीनच्या पुढे जाऊ नकोस.' थोडं शिकलेल्या आणि उत्साह ओसरलेल्या माणसाला सूचनांपेक्षा कारणं हवी असतात, कारण एव्हाना त्याला काम दिसायला लागतं पण जमत नसतं. काम सोडून जाण्याचा विचार याच टप्प्यावर बळावतो असा माझा अनुभव आहे. त्याच्यासाठी आठवड्यातला अर्धा तास राखून ठेवा. अनुभवी माणसाला मात्र निकाल सांगा, रीत सांगू नका: 'शुक्रवारपर्यंत हे असं तयार हवं. कसं करायचं ते तुम्ही ठरवा. कुठे माझा शब्द लागला तर सांगा.' अशा माणसाच्या डोक्यावर उभं राहून पाहणं हा त्याचा अपमान आहे, आणि कोणताही बोनस तो भरून काढत नाही.

आग लागल्यावर सभा घेत बसू नये, हेही खरं. संकटात थेट हुकूम द्या. फक्त संकट संपल्यावर ते संपलं असं मोठ्याने सांगा आणि जुन्या पद्धतीवर परत या. पुष्कळ मॅनेजर हे विसरतात आणि त्यांची आणीबाणी वर्षभर चालते.

याच पायरीवर आणखी एक गोष्ट पक्की करा: वाईट बातमी तुमच्यापर्यंत येते का? एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या टीमचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये औषधं देण्यातल्या चुका कमी नोंदलेल्या असतील अशी अपेक्षा होती, निघाल्या जास्त. पुढे उलगडा झाला तो असा, की त्या टीममध्ये लोक चुका उघड बोलत होते. बाकीच्या ठिकाणी त्या दडपल्या जात होत्या. आता अशा ठिकाणी 'कमी चुका, जास्त बक्षीस' असा इन्सेंटिव्ह लावून बघा. चुका तेवढ्याच राहतील, त्यांच्या नोंदी नाहीशा होतील. म्हणून चुकांच्या आकड्याला पैसे जोडायचा मोह टाळा. चूक लवकर सांगणाऱ्याचे आभार चारचौघांत माना, आणि ते मनापासून माना.

पायरी ४: मूळ पगारातली ठसठस आधी काढा

हे थोडक्यात. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये मांडलं की पगार आणि कामाची परिस्थिती बिघडली तर माणूस नाराज होतो, पण ती सुधारली म्हणून तो झपाटून काम करतो असं नाही. त्यांच्या अभ्यासपद्धतीवर टीका झाली आहे, तरी पहिला भाग कुणीही अनुभवावरून मान्य करील. जे. स्टेसी अ‍ॅडम्स यांनी १९६० च्या दशकात त्याला जोड दिली: माणूस स्वतःचे कष्ट आणि मोबदला यांचं प्रमाण शेजारच्याच्या प्रमाणाशी ताडून पाहतो. पगार गुप्त असले तरी ही तुलना होतेच, आणि अंदाजाने केलेली तुलना खऱ्यापेक्षा जास्त खुपते.

सारखं काम करणाऱ्यांची यादी करा, पगार समोर लिहा. ज्या फरकाचं कारण तुम्ही त्या माणसाच्या तोंडावर सांगू शकणार नाही, तो फरक आधी मिटवा किंवा मिटवायची तारीख द्या. यावर इन्सेंटिव्हचा मुलामा चढत नाही.

पायरी ५: आता इन्सेंटिव्ह आखा

मोजायच्या गोष्टी दोन, फार तर तीन ठेवा, आणि प्रत्येक संख्येला गुणवत्तेची जोड द्या. 'किती तक्रारी मिटवल्या' याच्यासोबत 'त्यातल्या किती महिन्याभरात परत आल्या' हेही धरा. मोजमाप माणसाच्या हातातलं हवं. कंपनीचा एकूण नफा वाढला म्हणून गोदामातल्या माणसाला बोनस देणं ही चांगली वाटणी आहे, जरूर द्या, पण त्याच्या उद्याच्या कामावर त्याचा परिणाम होईल अशी अपेक्षा धरू नका. नफा कुठून आला हे त्याला दिसतच नाही.

रेषेपेक्षा चढण बरी. समजा महिन्याचं टार्गेट १०० आहे आणि ते गाठल्यावरच बोनस मिळतो. २५ तारखेला ज्याची ७० झालीत तो हात टेकतो आणि उरलेलं काम पुढच्या महिन्यासाठी ठेवतो. ज्याची ९६ झालीत तो उरलेली चार कशीही ओढून आणतो. ज्याची १०० झालीत तो थांबतो. तिन्ही वागणुका तुमच्या नियमाने घडवल्या. त्याऐवजी ७० च्या पुढच्या प्रत्येक कामाला ठरावीक मोबदला ठेवा. प्रत्येक जण शेवटच्या दिवसापर्यंत कामाला लागतो.

दुसरा घातक प्रकार म्हणजे चांगलं काम केल्याची शिक्षा. कुणी १२० केले म्हणून पुढच्या खेपेला टार्गेट १३० केलं, की सगळी टीम शिकते: १०५ च्या पुढे जायचं नाही. टार्गेट वर्षभर बदलणार नाही हे लेखी द्या, आणि मधे कितीही मोह झाला तरी पाळा. तुमचा शब्द इथे एकदा मोडला तर पुढच्या कोणत्याही योजनेवर विश्वास बसणार नाही.

एकट्याला बक्षीस की टीमला? ओरियाना बंदिएरा, इवान बॅरँके आणि इम्रान रसूल यांनी २००५ मध्ये ब्रिटनमधल्या एका फळबागेतला अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे आधी मजुरी सगळ्यांच्या सरासरीशी तुलना करून ठरायची. म्हणजे एकाने जोरात फळं तोडली की सरासरी वर जायची आणि सोबत्यांची मजुरी कमी व्हायची. मजूर हात आखडता घेत होते, विशेषतः जिथे ते एकमेकांना पाहू शकत होते तिथे. मजुरी थेट किलोवर दिल्यावर उत्पादकता निम्म्याहून जास्त वाढली. 'पहिल्या तिघांना बक्षीस' असल्या स्पर्धा लावण्याआधी ही गोष्ट आठवा. माणसं सोबत्यांचं नुकसान करून कमवायला सहसा तयार नसतात, आणि जी तयार होतात त्यांच्यासोबत कुणाला काम करायचं नसतं. काम एकमेकांत गुंतलेलं असेल तर बक्षीस टीमला द्या, पण टीम आठ-दहा जणांपेक्षा मोठी नको. त्यापुढे कोण काम करतंय आणि कोण नुसतं सोबत चालतंय ते कळेनासं होतं.

रक्कम किती? उरी नीझी आणि आल्डो रुस्टिकिनी यांच्या २००० सालच्या एका प्रयोगात शाळकरी मुलं घरोघरी फिरून देणगी गोळा करत होती. काहींना फक्त कामाचं महत्त्व सांगितलं, काहींना जमलेल्या रकमेच्या १ टक्का, काहींना १० टक्के मोबदला देऊ केला. सर्वांत कमी देणगी १ टक्कावाल्यांनी आणली आणि सर्वांत जास्त काहीच न मिळणाऱ्यांनी. क्षुल्लक रक्कम लावली की माणूस आपल्या कष्टांची किंमत तेवढीच धरतो. द्यायचं तर ठसठशीत द्या, नाहीतर मनापासून आभार माना आणि पैशांचा विषय काढू नका.

आखणी झाली की योजना एका पानावर लिहा आणि टीममधल्या एखाद्याला देऊन म्हणा, 'गेल्या महिन्याच्या तुमच्या कामावर तुम्हाला किती मिळाले असते, काढा.' त्याला पाच मिनिटांत जमलं नाही तर योजना परत लिहा. मग सगळ्यांना एकत्र बसवून उघडपणे विचारा, 'यात कमी काम करून जास्त पैसे कसे मिळवता येतील?' ही बैठक मी कधीही चुकवत नाही. लोक पळवाटा आनंदाने सांगतात, तुम्ही त्या बुजवता, आणि योजना त्यांचीही होते.

पायरी ६: बोलणं आणि कौतुक

पैसे महिन्यातून एकदा पोचतात, तुमचं बोलणं रोज पोचतं. पण नुसतं बोलून भागत नाही. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डिनिसी यांनी १९९६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा अभिप्राय दिल्याने कामगिरी सरासरीने सुधारत असली तरी एक तृतीयांशाहून जास्त प्रसंगी ती उलट घसरल्याचं दिसलं. लक्ष कामावरून उडून स्वतःवर गेलं की असं होतं, हे त्यांचं स्पष्टीकरण. 'तुम्ही निष्काळजी आहात' हे वाक्य माणसावर जातं. 'या अहवालात तिसऱ्या तक्त्याची बेरीज जुळत नाही, कुठे चुकली ते पाहू या' हे कामावर राहतं. कौतुकाचंही तसंच. 'शाबास' पेक्षा 'त्या ग्राहकाचं पूर्ण बोलणं ऐकून मग उत्तर दिलंत, म्हणून तो शांत झाला' हे जास्त काळ टिकतं.

आपल्या कामाचा फायदा कुणाला होतो ते माणसाला दिसू द्या. अ‍ॅडम ग्रँट यांनी २००७ मध्ये एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्यांवर प्रयोग केला. त्या पैशांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी काही जणांची छोटीशी भेट घडवली. महिन्याभराने त्यांचा फोनवरचा वेळ १४२ टक्क्यांनी वाढलेला होता. खर्च काहीच नव्हता. मी दर महिन्याला तक्रार मिटलेल्या एका ग्राहकाला टीमशी फोनवर बोलायला सांगायचो. त्या दिवशी खोलीतली हवा बदललेली असायची.

पायरी ७: छोट्यावर करून पाहा, आणि बंद करायची वाट आधी ठरवा

योजना आधी एका गटावर तीन महिने चालवा. सुरुवातीलाच सांगा की ही चाचणी आहे, अमुक तारखेला संपेल. हे का, ते नीझी आणि रुस्टिकिनी यांच्याच दुसऱ्या अभ्यासातून कळतं. इस्राएलमधल्या १० पाळणाघरांपैकी काहींनी मुलांना न्यायला उशीर करणाऱ्या पालकांना दंड लावला. उशीर कमी होण्याऐवजी वाढला, कारण आता उशिराला किंमत होती आणि ती मोजली की मन मोकळं. पुढे दंड काढून टाकला, तरी उशीर वाढलेलाच राहिला. जबाबदारीचं नातं एकदा पैशांचं झालं की नियम मागे घेऊन ते परत येत नाही. म्हणून जे काम लोक आजही आपणहून करतात, एकमेकांना शिकवणं, अडलेल्याला हात देणं, त्याला पैसे लावू नका.

तीन महिन्यांनी बसाल तेव्हा बक्षिसाला जोडलेले आकडे आधी उघडू नका. ज्यांना बक्षीस नव्हतं ते आकडे पाहा: परत आलेली कामं, रजा, राजीनामे, नव्या माणसाला शिकायला लागलेले दिवस. ते बिघडले असतील तर मुख्य आकड्यातली वाढ उसनी आहे. मग टीमला विचारा की या काळात त्यांनी काय करणं सोडून दिलं. आणि त्याच तक्त्यात एक ओळ स्वतःची ठेवा: तुमच्या मंजुरीसाठी काम किती तास थांबलं.